अर्जातली मावशी

१

फॉर्मकाकांनी आजवर चार हजार माणसं परदेशी धाडली. म्हणजे त्यांचं म्हणणं तसं. खरोखर मोजायला बसलं तर चारशेच्या आसपास भरतील, आणि त्यातले शंभर तरी असे की काकांनी आडवं पडून अडवलं असतं तरी ते गेलेच असते. हेही काकाच सांगून टाकत. आधी छाती फुगवायची, मग आपणच तिला टाचणी लावायची. गिऱ्हाईक हसलं की निम्मं काम झालं.

व्हिसा ऑफिसच्या समोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला लागून त्यांचं टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली कोणाच्या तरी नामंजूर अर्जाची घडी. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा, डिंकाची बाटली, शाईचा पॅड आणि एक ओला स्पंज. स्पंजाला कोणी हसायचं नाही. काकांना थुंकीची भयंकर शिसारी. पासपोर्टचं पान उलटायला कोणी बोट जिभेवर नेलं की ते तोंड फिरवत. "अहो, तोंडात कसली बोटं घालता? दात येतायत का तुम्हाला?" असं म्हणून ते स्पंज पुढे सरकवत. गिऱ्हाइकाने चावलेलं पेन चिमटीत धरून गटारात टाकत. शिंकणाऱ्याचा फॉर्म दुसऱ्या दिवशी भरत. शिक्षण म्हणाल तर सातवी. आठवीत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला, तिथे शाळा संपली आणि डिंक तेवढा जन्माला चिकटला.

आता या धंद्यातली गोम सांगतो. टुरिस्ट व्हिसा मागणाऱ्याने एकच गोष्ट पटवायची असते, की मी परत येईन. घर दाखवा, नोकरी दाखवा, बायकोमुलं दाखवा. पण ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही, सडाफटिंग माणूस, त्याने काय दाखवावं? त्याला काका मावशी द्यायचे.

"माझी मावशी अंथरुणाला खिळलेली आहे. तिला मूलबाळ नाही, माझ्याशिवाय कोणी नाही. दर दोन तासांनी मला तिची कूस बदलावी लागते. पंधरा दिवस शेजारीण बघणार आहे. त्यानंतर मी नक्की परत येईन." असं पत्र अर्जाला जोडायचं. आई लिहिली तर आईचे कागद मागतात. मावशीचे कागद कोण मागतंय?

मावशी सगळ्यांना एकच, पत्ताही एकच. जुन्या छापखान्यामागची इमारत, तिसरा मजला, खोली तीन. काका तरुणपणी तिथे दोन वर्षं राहिले होते. त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोनच खोल्या. म्हणजे चुकून कोणी तपासायला गेलंच तर हात हलवत परत येणार आणि नंबर चुकला म्हणून गप्प बसणार. तिसरी खोली काकांनी स्वतःच्या डोक्यातून बांधली होती, विटा न लागता.

दुखणं मात्र दर वेळी नवं. नाहीतर आतल्या कारकुनाला ओळख पटायची. कोणाच्या पत्रात मावशीच्या पाठीला जखमा, त्यांतून पाणी येतंय. कापडवाल्याच्या भावाच्या पत्रात डाव्या कानातून घाण वाहतेय. मास्तर होते एक, त्यांना कधी न थांबणारा खोकला दिला. केस कापणाऱ्याला पायाची नखं दिली, वाढून वाढून तळव्यात वळलेली. लिहिताना काका मिटक्या मारत. शेजारचा शिंकला तर अंघोळ करणारा माणूस, पण कागदावर पू लिहिताना त्यांना काही होत नसे. एकदा तर गंमतच झाली. एका पत्रात त्यांनी साखरेच्या रोगापायी तिचा उजवा पाय गुडघ्यापासून कापून टाकला, आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्याच्या पत्रात लिहिलं, दोन्ही पाय सुजलेत. काकू हसून हसून खाली बसल्या होत्या.

"अहो, कापलेला पाय फुटतो की काय परत?"

"माझी मावशी आहे. तिला काय अशक्य?"

दोन्ही व्हिसे मिळाले. परत मात्र दोघांतला एकही आला नाही.

२

काकू चार महिन्यांपूर्वी मुलीकडे गेल्या. मुलगी तिकडे स्थायिक, तिला पाच वर्षांची मुलगी. आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज तिने दोघांसाठी एकदमच केला होता. काकूंचा रेसिडेन्सी व्हिसा आला. काकांचा आला नाही, फाइल कुठेतरी पडून राहिली. मुलीच्या बोलावणीपत्राची मुदत महिनाअखेर. त्यानंतर आईवडिलांना बोलावायची सोयच बंद होणार, तसा नियम निघाला होता. इकडे घरमालकाने खोली दुसऱ्याला देऊन ठेवलेली. कपाट विकलं, पलंग विकला. काका जमिनीवर गादी टाकून झोपत आणि सकाळी उठल्यावर आधी गुडघ्यांना शिव्या देत.

अखेर व्हिसा ऑफिसाने काकांना मुलाखतीला बोलावलं. आदल्या दिवशी काकूंचा फोन आला.

"अहो, उद्या तिथे तरी थट्टा करू नका."

"मी कधी करतो थट्टा?"

"आपल्या लग्नात माझ्या बाबांच्या जोड्यात पाक ओतला होता तुम्ही."

"त्यांनी कधी तक्रार नाही केली."

"ते गेले, अहो."

"तेच म्हणतो मी."

काकू हसल्या. "इथे सगळं आहे हो," त्या म्हणाल्या, "पण भांडायला कोणी नाही. लेक जावई दोघंही सॉरी म्हणून मोकळे होतात. जीव नकोसा होतो."

मग नातीने फोन हिसकावला. "आजोबा, तुम्ही येणार ना? आजी म्हणते तुम्ही येणारच नाही, तुम्हाला तिथेच आवडतं."

 चारशे माणसांना उत्तरं लिहून दिलेला माणूस तो. "येतो गं बाय," एवढंच ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी रिकामी खोली पाहिली. भिंतीवर कपाटाच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला होता. बाकी सगळी भिंत किती मळकी होती, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं, आणि त्यांनी नजर काढून घेतली.

३

ज्या ऑफिसात त्यांनी चारशे जणांना पाठवलं, त्याच्या आत काका आयुष्यात दुसऱ्यांदा जात होते. पहिल्यांदा गेले ते नातीच्या जन्माच्या वेळी, टुरिस्ट व्हिसासाठी.

आत माणसांचा वास कोंडला होता. खुर्ची कोणीतरी नुकतीच सोडलेली, बसायची जागा अजून कोमट. काका अर्धवट टेकले. बोटांचे ठसे घ्यायची काच तर बघवत नव्हती. सकाळपासून शंभर जणांनी बोटं टेकवलेली, तिच्यावर तेलकट गोल गोल थर. काकांनी रुमाल काढला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पुसू नका, मशीन बिघडतं." काच ओशट होती, आणि मशीन तापल्यामुळे असेल, जिवंत कातडीसारखी उबदार लागली. बोट उचलताना ते बारीकसं चिकटलं.

खिडकीतल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी फाइल उघडली.

"काका, सगळं ठीक आहे. फक्त तुमच्या मावशींचं काय?"

काकांच्या कानशिलात गरम झालं. तेव्हा नातीच्या वेळी, निव्वळ सवयीने, त्यांनी स्वतःच्याही अर्जाला मावशी जोडली होती. काकू म्हणाल्याही होत्या, आपल्याला कशाला ती बाई? पण हात वळला तिकडे. स्वतःसाठी खास दुखणं ठेवलं होतं. ती माझ्याच हातचं पाणी पिते, दुसऱ्याने दिलं तर थुंकून टाकते.

"टुरिस्टला आम्ही बघतो, मागे कोणी आहे ना," बाई म्हणाल्या. "रेसिडेन्सीला उलटं बघावं लागतं. मागे कोणी निराधार उरत नाही ना. म्हणून तुमची फाइल थांबली. पण मंगळवारी आमचा माणूस जाऊन आला, मावशींना भेटला."

"भेटला?"

"हो ना. अहवाल आहे." बाई वाचू लागल्या. त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला. "पाठीवर उघड्या जखमा. डाव्या कानातून स्राव. खोकला, सतत. पायाची नखं तळव्यात गेलेली. आमच्या माणसाच्या हातचं पाणी थुंकून टाकलं." त्यांनी वर पाहिलं. डोळे ओलावले होते त्यांचे. "तुम्ही पत्रात यातलं एकच लिहिलं होतं, काका. बाकीचं सांगितलंच नाहीत. फार सोसलंत हो."

काकांनी तोंड उघडलं. ही बाई नाही, मी रचलीय, असं सांगितलं तर खोट्या कागदासाठी नाव कायमचं काळ्या यादीत. मग नात फोनमध्येच मोठी होणार. आणि बाकीचे चारशे? ते तिकडे घरं करून बसलेत. काकांनी तोंड मिटलं.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "मावशींचं संमतीपत्र. त्यांचा अंगठा, आणि तुमच्यामागे त्यांना कोण बघणार त्याचं नाव. शुक्रवारपर्यंत आणा. लगेच व्हिसा लावते."

कागद घ्यायला काकांनी हात पुढे केला. कागद देताना बाईंनी पान सुटं करायला बोट जिभेवर नेलं. काकांना स्पंज आठवलासुद्धा नाही.

४

रस्त्यावर आल्यावर काकांच्या डोक्यात उजेड पडला. तपासनीस! त्या माणसाला ते वीस वर्षं ओळखत होते. अर्जावरचे पत्ते तपासायचं काम त्याचं, आणि ते काम तो नाक्यावरच्या हॉटेलाच्या बाकावर बसून करायचा. "पत्ता बरोबर, शेजारी सज्जन," असे अहवाल तो एका चहात तीन लिहायचा. या वेळी जरा रंग भरला असेल, झालं. जुन्या फायली उपसून काढली असतील दुखणी.

एवढं ठरवून काका चार पावलं चालले आणि थांबले. जुन्या फायली सात वर्षांनी रद्दीत जातात. रद्दीवाल्याच्या गाडीला त्यांनी स्वतः हात लावला होता. आणि केस कापणाऱ्याची नखं एकोणीस वर्षांपूर्वीची.

तपासनीस हॉटेलाच्या मागे नळावर हात धूत होता. साबणाची वडी त्याने घरून आणली असावी, हॉटेलात तसली नव्हती. कोपरापर्यंत फेस.

"काय साहेब," काका म्हणाले, "मंगळवारचा अहवाल कोणत्या बाकावरून लिहिलात?"

"गेलो होतो."

"तुम्ही? पायाने?"

"नवीन नियम आलाय. दाराचा फोटो लावावा लागतो." हात ओले म्हणून त्याने मानेनेच खिसा दाखवला. "काढा तुम्हीच फोन. आहे त्यात."

फोटोत दार होतं. हिरवं, रंगाचे पोपडे गेलेलं. वर खडूने नव्हे, रंगाने लिहिलेला तीन. दाराशी एक घमेलं, त्यावर ताट झाकलेलं. ताटाच्या कडेने काहीतरी ओघळून वाळलं होतं.

"आणि तिचा फोटो?"

"काढला होता. पुसला."

"का?"

"फोन खिशात ठेवतो ना मी." तपासनीसाने पुन्हा साबण लावला. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या खाली. हात लाल होऊन सालपटले होते. "तोंड भिंतीकडे होतं. मला म्हणाली, कूस बदल. म्हटलं, म्हातारं माणूस आहे. खांद्याला हात लावला."

"मग?"

त्याने नळ आणखी मोठा सोडला.

"तुमची मावशी आहे," तो म्हणाला, "तुम्ही बदला."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, सवयीने. तपासनीस असा मागे सरला की नळावर आपटला. "मला शिवू नका," तो म्हणाला. "तुम्हालाच लागलंय ते."

काकांनी आपल्या हाताचा वास घेऊन पाहिला. डिंकाचा होता. डिंकाचाच असणार.

५

गुरुवारी दुपारी दोन वाजता काका छापखान्यामागच्या इमारतीपाशी पोचले. ऊन रखरखीत. खालच्या दुकानात एक माणूस पंखे दुरुस्त करत होता. सगळं इतकं धडधडीत होतं की काकांना हसू आलं. बगलेत संमतीपत्र, खिशात शाईचा पॅड. वर जायचं, दोनच खोल्या बघायच्या, खाली यायचं आणि अंगठा आपलाच लावून टाकायचा. अंगठ्यावर काही नाव लिहिलेलं नसतं.

पहिल्या मजल्यावर दोन दारं. दुसऱ्या मजल्यावर दोन दारं. काकांनी ती बोटाने मोजली. शहाणा माणूस दोनाला दोन म्हणायला बोट वापरत नाही, पण त्यांनी वापरलं.

दुसऱ्या मजल्याच्या वर जिना ओलसर लागू लागला. कठड्याला धरलेला हात बुळबुळीत झाला. आणि वास आला. तो एक वास नव्हता. आधी आंबूस, मग गोडूस, मग मलमाचा, मग जुन्या फडक्यांचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी अगदी बारीक असा दुसराच एक, जो नाकाला न लागता थेट घशात उतरत होता. काकांनी रुमाल तोंडावर धरला. रुमालालाही तोच वास. जिभेवर कोणाचं तरी बोट ठेवल्यासारखं वाटलं आणि त्यांना कोरडी उबळ आली.

तिसऱ्या मजल्यावर पहिलं दार, दुसरं दार, आणि जिथे इतकी वर्षं सपाट भिंत होती, जिला टेकून काका तरुणपणी विडी ओढायचे, तिथे हिरवं दार.

दोन नंबरच्या दारातून एक बाई बाहेर आली. पदर नाकाला बांधलेला, हातात फिनेल.

"आलात!" ती म्हणाली. "या. उजाडलं म्हणायचं. भाचाच ना तुम्ही?"

"मी… म्हणजे तसा…"

"किती भाचे हो तिला? ती नावं घेते तेव्हा मोजायचा प्रयत्न केला मी. झोप लागली, पण नावं संपली नाहीत. आणि एकाचं तोंड म्हणून दिसलं नाही आजवर. पंधरा दिवस शेजारीण बघेल म्हणे! कोण शेजारीण? मीच ना? मला कोणी विचारलं होतं?"

"बाई, तुम्ही इथे कधीपासून…"

"ते मला विचारू नका. माझ्या चहाला तो वास येतो. दूध नासतं. नवरा जेवता जेवता उठून जातो. लाजा वाटत नाहीत तुम्हाला?" तिने घमेल्याकडे बोट केलं. "ते तेवढं आधी ओता. मी आज नाही उचलणार."

काकांना पुष्कळ बोलता आलं असतं. असल्या बायांना त्यांनी आयुष्यभर चिडवलं होतं, त्यांच्याकडून चहा उकळला होता. पण ताटाखाली घमेल्यात काहीतरी डुबुक करून हललं. बाईने दार लावून घेतलं. आतून कडी, मग दुसरी कडी, मग दारामागे टेबल ओढल्याचा आवाज.

काका घमेल्याला वळसा घालून गेले. पाय लागू नये म्हणून भिंतीला अंग घासत गेले, आणि भिंत कोमट होती.

६

दार ढकलावं लागलं नाही.

खोली लहान. खिडकी बंद, तिच्या काचेवर कागद चिकटवलेले. एक खाट. खाटेखाली फडकी, एकावर एक, खालची काळी आणि वरची अजून ओली. माश्या नव्हत्या. एकही नव्हती. खोलीत सगळं होतं आणि माशी नव्हती, हे लक्षात आल्यावर काकांचे पाय दारातच थांबले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीवर एक पांढरी वेणी, उशीला चिकटलेली. चादर पाठीशी ओली होऊन आत ओढली गेली होती, आणि श्वासागणिक सुटायची आणि पुन्हा चिकटायची. तो आवाज बारीक होता. पिकलेलं फळ सोलल्यासारखा.

मग खोकला आला, आणि काकांनी तो ओळखला. मास्तरांचा. शब्द न शब्द त्यांनी लिहिला होता, "कोरडा, मध्येच शिटीसारखा." शिटी वाजली. कानाजवळ उशीवर पिवळट डाग होता, तो कापडवाल्याच्या भावाचा. एकेक पत्र तिथे पडून होतं. एका माणसात एवढी दुखणी मावणार नाहीत, हे लिहिताना काकांच्या मनात आलं नव्हतं. आता दिसत होतं, की मावली नव्हती. चादर नको तिथे उचलली गेली होती.

बघायचं नाही, असं काकांनी ठरवलं. बघायचं काय आहे त्यात? म्हातारं माणूस आहे कोणीतरी, निराधार, चुकून या खोलीत येऊन पडलेलं. नाव मावशी असेल. असतात की कितीतरी मावश्या. तेवढ्यात त्यांची नजर खाटेच्या मध्यावर गेली. चादर तिथे सरकली होती. उजवा पाय गुडघ्यापाशी संपत होता, टोकाला शिवण घातलेली, वाळलेली. तिथे पाय संपला. त्यापुढे हातभर खाट रिकामी. आणि खाटेच्या पायथ्याशी, चादरीतून बाहेर, दोन पावलं. दोन्ही सुजलेली. उजव्याचा अंगठा हलला.

काकांच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. थुंकायला जागा नव्हती. त्यांनी ते गिळलं.

"कूस बदल," ती म्हणाली.

आवाज साधा होता. घरातल्या कोणाचाही असावा तसा.

"मावशी," काका म्हणाले. त्यांना त्यांचाच आवाज परका वाटला. "एक अंगठा हवा होता. छोटासा कागद आहे. अंगठा दे, मग बदलतो."

"आधी बदल."

"आधी अंगठा." इथेही घासाघीस! काकांना स्वतःचीच किळस आली, पण पॅड उघडलेला होता. नात डोळ्यांपुढे होती. फोन हिसकावणारी, लाल फ्रॉक घातलेली. "मावशी, माझी नात वाट बघतेय गं."

चादरीखाली काहीतरी हललं. मग पाठीमागून, खांद्यावरून नव्हे, पाठीमागून सरळ, एक हात आला. काकांनी मान फिरवून, डोळे अर्धे मिटून, त्याचा अंगठा चिमटीत धरला. तो भिजलेल्या भाकरीसारखा मऊ होता. पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला, उचलला. कागदावर ठसा उठला. ठशाबरोबर थोडी कातडीही कागदावर राहिली.

काकांनी हात पँटला पुसला. मग शर्टाला पुसला. मग कुठे पुसावा ते कळेना.

आता एकच रकाना राहिला होता. "अर्जदाराच्या पश्चात काळजी घेणारी व्यक्ती." काकांनी पेन काढलं. धंद्यातला माणूस, रिकामा रकाना दिसला की त्याला राहवत नाही. शेजारीण नको, ती दार उघडणार नाही. भाची लिहावी. लग्न न झालेली, कष्टाळू, सेवाभावी. तिसरा मजला, खोली चार. पेन कागदाला लागलं, आणि भिंतीच्या पलीकडे कोणीतरी एकदाच खाकरलं, गळा साफ केल्यासारखं. जणू हाक कधी येते म्हणून उभंच होतं.

काकांनी पेन वर उचललं. टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. तो पडू नये म्हणून त्यांनी पेन उलटं धरलं आणि श्वास रोखून उभे राहिले.

महिनाअखेरीला सहा दिवस होते. ऑफिस पाच वाजता बंद होणार होतं.

"मावशी," ते शेवटी म्हणाले, अगदी हळू, लहान मुलाने विचारावं तसं. "तुला बघणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव लिहू गं?"

खाटेचं लाकूड करकरलं. ती कूस बदलत होती. स्वतःची स्वतः, हळूहळू, भिंतीकडून त्यांच्याकडे. आधी वेणी उशीपासून सुटली, मग कान आला.

"नाव कशाला हवंय? जन्मभर माझ्या अंगावर दुखणी लिहीत आलास, मेल्या. एकदा 'मावशी मेली' एवढं लिहायला तुझा हात झडला होता का?"